मुंग्यांचं ओतलेलं घर

फोरमन खरं तर कधीच फोरमन नव्हता. फाउंड्रीत तो जन्मभर ओतकामावर होता. वितळलेला धातू मुशीतून साच्यात ओतायचा, एवढंच त्याचं काम. पण कामाला लागल्या लागल्याच त्यानं आपल्याहून वयानं मोठ्या असलेल्या एका कामगाराला सुनावलं होतं, "मूस जरा खाली धरा, धार जाड पडतेय." तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, "आले फोरमनसाहेब." ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. खरे फोरमन आले आणि गेले, हा मात्र फोरमनच राहिला. शेजारीपाजारी, कोपऱ्यावरचा दुकानदार, सासरची माणसं, सगळे त्याला त्याच नावानं हाक मारायचे. बायको तेवढी "अहो" म्हणायची.

त्याच्या हाताचं फाउंड्रीत नाव होतं. नाजूक साचा असला, पातळ भिंतीचं काम असलं की मूस याच्याकडे यायची. बाजूला कितीही आरडाओरडा होऊ दे, अंगावर ठिणगी उडू दे, याची धार हलायची नाही. ओतकामात एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवतात: एकदा सुरू केलेली धार मध्ये तोडायची नाही. तोडली की आधीचा धातू गार होतो, नंतरचा त्याला धरत नाही, आणि काम फुकट जातं. फोरमनच्या हातून एकही धार तुटली नव्हती, असं त्याचे सोबती सांगायचे. तो स्वतः सांगायचा नाही, पण दुसरं कोणी सांगत असलं तर थांबवायचाही नाही.

मग फाउंड्री बंद पडली. यंत्रं विकली गेली आणि फोरमन घरी बसला. थोडे दिवस त्यानं घरातला एकेक नळ, बिजागरी, खिट्टी दुरुस्त केली. ज्या बिघडल्या नव्हत्या त्याही केल्या. दुरुस्तीला काही उरलं नाही तेव्हा त्यानं परसात जुन्या पिंपाला आतून भट्टीची माती थापली, खाली पंखा जोडला आणि आपली छोटीशी भट्टी उभी केली. पोचे आलेली पातेली, खिडक्यांच्या मोडक्या पट्ट्या, भंगारातलं जे मिळेल ते ॲल्युमिनियम तो वितळवायचा आणि त्याच्या कड्या, मुठी, खुंट्या ओतायचा. घरात दारं कमी आणि कड्या जास्त झाल्या.

"आता मलाही एक कडी बसवा," बायको म्हणाली, "म्हणजे पाहिजे तिथं अडकवून ठेवता येईल."

ही बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे आवाज कानात घालवल्यावर निवृत्तीनंतर तिला बोलण्याचा कंटाळा आला होता. सकाळी चहाचा कप घेऊन ती मागच्या दाराच्या पायरीवर बसायची. पायरीपासून दोन हातांवर मुंग्यांचं एक बीळ होतं, तोंडाशी बारीक मातीचं गोल कडं असलेलं. बिस्किटाचा चुरा टाकायचा आणि बघत बसायचं, हा तिचा रोजचा कार्यक्रम. मुंग्यांना ती 'मंडळी' म्हणायची. "मंडळी आज उशिरा उठली," असं ती आत येऊन सांगायची, आणि फोरमन वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हं" म्हणायचा.

ती गोष्ट घडली ती अशी. एका दुपारी कड्या ओतून झाल्यावर मुशीत थोडा धातू उरला. उरलेला धातू तो एरवी वाळूत ओतून टाकायचा. त्या दिवशी परसाच्या टोकाला, जमिनीत एक भोक दिसलं. माती कोरडी खणखणीत होती. ओल असती तर तो जवळही गेला नसता. ओल्या मातीत गरम धातू गेला की वाफ होऊन तोंडावर उडतो. त्यानं सहज गंमत म्हणून धार त्या भोकात सोडली. भोक धातू पीत राहिलं. मूस रिकामी झाली तरी भोक भरलं नव्हतं.

गार झाल्यावर त्यानं कुदळीनं भोवतालची माती उकरली आणि जे निघालं ते बादलीत बुडवून धुतलं. मग तो बराच वेळ ते हातात धरून उभा राहिला. बोटाएवढी दांडी खाली खाली जात होती, तिला फाटे फुटले होते, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक चपटी खोली. कुठे पानासारखी, कुठे जिभेसारखी. एवढी वर्षं त्यानं इतरांनी काढलेल्या आकारांत धातू ओतला होता. हा आकार कोणा माणसानं काढला नव्हता, मुंग्यांनी कोरला होता. तो त्याच्या पायाखाली होता आणि त्याला पत्ता नव्हता.

त्याच्या मुलीनं त्या ओतीव कामाचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. फोटो फिरत फिरत गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंपर्यंत पोहोचला. या बाई उंच होत्या, आवाजही उंच होता, आणि वाचनालयात शांतता राखा असं त्यांनी सांगितलं की तीच सगळ्यात मोठी गडबड असायची. त्या घरी आल्या, ओतीव काम हातात घेऊन बघितलं, आणि म्हणाल्या, "आम्ही मातीतल्या जीवसृष्टीवर प्रदर्शन भरवतोय. चित्रं आहेत, भिंगातून काढलेले फोटो आहेत. पण असं काही नाही. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत टांगायला मोठं कराल का?"

"करू की," फोरमन म्हणाला.

"पण आतल्या मुंग्यांचं काय होतं हो?"

"मी रिकामी बिळं घेतो," तो पटकन म्हणाला. "सोडून गेलेली."

हे बोलताना त्याला ते खोटं वाटलं नाही. त्या दुपारी भोकाजवळ एकही मुंगी नव्हती. भर उन्हात मुंग्या बाहेर फिरत नाहीत, घरातच असतात, हे त्याला तेव्हा आठवलं नाही. किंवा आठवलं असेल आणि त्यानं तिकडे लक्ष दिलं नसेल. पुढे तो स्वतःलाच हे विचारत राहिला.

मोठं बीळ काही मिळेना. बंद फाउंड्रीमागच्या मैदानात त्यानं तीन-चार ठिकाणी ओतून बघितलं. खाली सगळा विटांचा राडारोडा, वीतभर जाऊन धार अडायची. प्रदर्शन जवळ आलं. ग्रंथपाल बाईंचे फोन येऊ लागले. आणि रोज सकाळी बायको पायरीवर बसून सांगायची, "अहो, मंडळींनी आज किती माती बाहेर काढलीय बघा. आत काय बांधतायत कोण जाणे."

तो बघायचा. बाहेर काढलेल्या मातीवरून आत किती पोकळी असेल याचा अंदाज बांधायची त्याला सवयच होती.

बायकोच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बायको तिच्याकडे राहायला गेली. जाताना चुऱ्याचा डबा त्याच्या हातात देऊन म्हणाली, "सकाळी चिमूटभर टाका. जास्त नको, नाहीतर आळशी होतील."

दोन दिवस त्यानं टाकला. तिसऱ्या दिवशी भट्टी पेटवली.

रिकाम्या बिळाची थाप त्या दिवशी त्यानं स्वतःलाही मारली नाही. बिळाच्या तोंडाशी मुंग्यांची ये-जा चालू होती. मूस सांडशीत धरून तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं धार सोडली. बारीक, सरळ, अगदी पूर्वीसारखी. धातू आत जात राहिला. खूप दिवसांनी हाताला काम मिळाल्याचा आनंद त्याच्या खांद्यापर्यंत चढला. तेवढ्यात डावीकडे, पायरीच्या कडेला, बिळाचं दुसरं तोंड होतं हे त्याला दिसलं. तिथून मुंग्या भसाभस बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या तोंडात तांदळाच्या कणीसारखं काहीतरी पांढरं होतं. ती त्यांची पिल्लं होती हे कळायला त्याला वेळ लागला नाही. काही जणी पिल्लू बाहेर ठेवून परत आत शिरत होत्या.

त्याचा हात हलला नाही. मूस रिकामी होईपर्यंत धार तशीच चालू राहिली, केसभरही न थरथरता. मग त्या दुसऱ्या तोंडातून मुंग्या यायच्या थांबल्या, आणि थोड्या वेळानं तिथे चंदेरी ठिपका वर आला.

बाहेर उरलेल्या मुंग्या संध्याकाळपर्यंत पिल्लं तोंडात धरून गोल गोल फिरत होत्या. फोरमन घरात जाऊन बसला. हात धुतले. पुन्हा धुतले. करपलेल्या केसासारखा वास नाकातून जाईना.

दुसऱ्या दिवशी कंबरभर खड्डा खणून त्यानं ते काम बाहेर काढलं. त्याच्याहून सुंदर गोष्ट त्यानं आयुष्यात ओतली नव्हती. हे तो नाकारूही शकत नव्हता, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं. वाईट निघालं असतं, अर्धवट मोडलं असतं, तर निदान काहीतरी शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं. पाण्याखाली धुताना एकेक खोली उघडी पडत गेली. मधे एका ठिकाणी मुख्य दांडी अर्धगोल वळसा घेऊन गेली होती. पूर्वी तिथे कुंपणाचा लाकडी खांब होता, तो वर कापून टाकला तरी बुंधा जमिनीत राहिला होता. मुंग्यांनी त्याला वळसा घातला होता. त्यानं खड्डा बुजवला, माती चोपून सारखी केली, वर एक कुंडी ठेवली.

बायको परत आली. दुसऱ्या सकाळी चहा घेऊन पायरीवर बसली आणि लगेच उठली.

"अहो, मंडळी कुठं गेली?"

"जागा बदलली असेल. बदलतात मुंग्या," तो वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"आणि ही कुंडी कशाला इथे?"

"ऊन चांगलं येतं तिथे."

ती कप घेऊन आत गेली. मग रोज सकाळी ती डबा घेऊन परसात फिरायला लागली. भिंतीच्या कडेनं, भट्टीमागे, कुंपणापलीकडे वाकून वाकून बघायची. गुडघे दुखायचे तिचे. कुठे एखादी मुंगी दिसली की तिच्यासमोर चिमूटभर चुरा टाकायची आणि ती कुठे जाते ते बघत उभी राहायची. फोरमन खिडकीतून बघायचा. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण तोंड उघडलं की काहीतरी दुसरंच निघायचं. "साखर संपलीय का?" असलं काहीतरी.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलगी दोघांना घेऊन गेली. वाचनालयाच्या जिन्यात, मधल्या मोकळ्या जागेत, ते काम तारेनं टांगलं होतं. वरून झोत सोडला होता. जिना चढणारे लोक थांबत होते, माना वळवून खोल्या मोजत होते. खाली पाटीवर लिहिलं होतं: मुंग्यांनी सोडून दिलेल्या बिळाचं ओतीव शिल्प. ग्रंथपाल बाई येईल त्याला फोरमनची ओळख करून देत होत्या. टाळ्या वाजल्या. तो हात जोडून उभा राहिला.

बायको एकेक पायरी चढत वर गेली. मधल्या टप्प्यावर, शिल्पाच्या बरोबर समोर, ती थांबली. कठड्यावरून हात लांब करून तिनं त्या अर्धगोल वळशावरून बोट फिरवलं. फोरमन खालून बघत होता. ती तशीच उभी राहिली, मग खाली आली आणि मुलीला म्हणाली, "मला घरी सोड गं. डोकं दुखतंय."

तो घरी पोहोचला तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"तो आपल्या खांबाचा वळसा आहे," ती पाठमोरीच म्हणाली.

"हो."

"होती का मंडळी आत?"

"होती."

"बाहेर येत होती का कोणी?"

"येत होती," तो म्हणाला. " पिल्लं घेऊन. मी बघितलं."

"मग?"

"धार तोडली नाही मी."

तिनं हातातलं ताट जागेवर ठेवलं, फडकं वाळत घातलं. "बरं," म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. त्यापुढे तिनं तो विषय काढला नाही. ती भांडली नाही, अबोला धरला नाही, जेवण वेळेवर वाढलं. फक्त सकाळी पायरीवर बसणं बंद झालं. चहा ती आता स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून प्यायची.

फोरमनला कोणीतरी चार शब्द ऐकवावेत असं वाटायला लागलं. तो मुलीकडे गेला आणि सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, मुंग्या आहेत. रोज झाडूखाली किती मरतात. आईला वाईट वाटलंय, होईल ठीक." फाउंड्रीतल्या जुन्या सोबत्याला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "आपल्या दोघांच्या फुफ्फुसांत किती धूर गेला त्याचं कोणाला वाईट वाटलं का?" म्हणाला. जो तो त्याला माफ करत होता. ज्यांचं काही गेलं नव्हतं त्यांनी दिलेली माफी घेऊन करायचं काय, हे त्याला कळेना.

शेवटी तो ग्रंथपाल बाईंकडे गेला. "पाटी खोटी आहे," म्हणाला. "बीळ रिकामं नव्हतं. मला माहीत होतं. ते लिहा."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लोकांना कशाला सांगायचं? लहान मुलं येतात इथे."

"मग उतरवून द्या मला. वितळवतो मी ते."

बाईंनी बराच विचार केला आणि पाटी बदलली. नवीन पाटीवर लिहिलं: हे घर ओतलं तेव्हा मुंग्या आत होत्या.

फोरमनला वाटलं, आता लोक तोंड फिरवतील. झालं उलटंच. पाटी वाचून लोक जास्त वेळ थांबायला लागले. गर्दी वाढली. कोणी हळहळायचं, कोणी वाद घालायचं, आणि सगळे फोटो काढायचे. एका हॉटेलचा मालक त्याला शोधत घरी आला. त्याला दर्शनी दालनात असंच एक काम हवं होतं, याहून मोठं.

"मी ते बंद केलंय," फोरमन म्हणाला.

"पाटीही तशीच लावू की," तो माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला. "माणसाला भिडते ती."

फोरमननं त्याला दारापर्यंत पोहोचवलं आणि परसात येऊन भट्टीची माती हातोडीनं फोडून काढली. पिंप भंगारवाल्याला दिलं. बायको दारातून बघत होती.

"आणि ते वाचनालयातलं?" तिनं विचारलं. त्या दिवसानंतर तिनं स्वतःहून त्याबद्दल बोलायची ही पहिलीच वेळ.

"ते देत नाहीत. मी मागितलं होतं. वितळवून टाकलं असतं."

"ते नका वितळवू," ती म्हणाली. मग जरा ओशाळून तिनं सांगितलं, "मी जाते अधूनमधून बघायला. बाजारात जाते सांगून. आत एवढ्या खोल्या असतील असं मला वाटलं नव्हतं. रोज बसायचे मी तिथे, आणि मला मेलीला कल्पना नव्हती. चांगलं वाटतं बघायला. आणि चांगलं वाटलं की स्वतःचीच लाज वाटते."

एवढे दिवस फोरमन समजत होता की हे ओझं त्याच्या एकट्याचं आहे. त्यातलं थोडं आपण तिच्याही डोक्यावर ठेवलंय, हे त्याला आत्ता कळलं, आणि त्यामुळे त्याला हलकं काही वाटलं नाही.

प्रदर्शन संपलं, चित्रं आणि फोटो गेले, शिल्प मात्र जिन्यात राहिलं. काही महिन्यांनी त्याच्यावर धूळ दिसायला लागली. वाचनालयाचा सफाई कामगार म्हणाला, फाटे नाजूक आहेत, माझ्या हातून मोडलं तर मी काय करू. ग्रंथपाल बाईंनी फोरमनला बोलावलं. त्याला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, "चला, मी येते. शिडी धरायला कोणीतरी पाहिजे."

सकाळची वेळ होती, वाचनालय अजून उघडलं नव्हतं. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर शिडी लावून तो वर चढला. हातात मऊ ब्रश होता. बायको खाली दोन्ही हातांनी शिडी धरून, चष्मा लावून वर बघत होती.

"डावीकडची राहिली," ती म्हणाली. "त्याच्या मागची. नाही, मागची हो."

तो एकेक खोली पुसत गेला. वरून, मग खालून. एका चपट्या खोलीच्या पोटाशी ब्रश अडखळला. त्यानं बोटानं चाचपलं, मग मान वाकवून बघितलं. धातूत अर्धी रुतलेली एक मुंगी होती. तिचं काळं झालेलं डोकं आणि पुढचे पाय बाहेर होते. पायांत काही धरलेलं होतं की नाही ते सांगता येत नव्हतं.

"काय झालं?" खालून तिनं विचारलं.

काही नाही, असं म्हणता आलं असतं. ती वर चढणार नव्हती. त्यानं तो फाटा हलकेच धरून तिच्याकडे वळवली, शिल्प तारेवर सावकाश फिरलं, आणि त्यानं बोटानं जागा दाखवली.

तिनं एक हात शिडीवर ठेवून दुसऱ्या हातानं चष्मा सारखा केला आणि टाचा उंचावून बघितलं. बराच वेळ बघितलं. खाली कोणीतरी मुख्य दार उघडत होतं, त्याचा आवाज आला.

"हं," ती म्हणाली. "तिला ब्रश लावू नका. पुढचं पुसा."

तो पुढचं पुसायला लागला. हात थोडा थरथरत होता, म्हणून त्यानं ब्रश दोन्ही हातांनी धरला.